माहीत नसलेल्यांची डबी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लेखी स्वरूपात)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषयही देऊन टाकला होता: ‘केंदूर ते अमेरिका, माझी वाटचाल’. मी म्हटलं, वाटचालीत सांगण्यासारखं फार काही नाही. इथून पुणे, पुण्यात इंजिनीअरिंग, मग सॉफ्टवेअरची नोकरी, कंपनीने पाठवलं म्हणून नॉर्थ कॅरोलायना, आणि तिथे कॅरी नावाच्या गावात घर. आज केंदूर-पाबळच्या वाड्यावस्त्यांवरही अशी वाटचाल केलेला एखादा भाचा नाहीतर पुतणी सापडते. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी शार्क माशाच्या दातांबद्दल बोलणार आहे. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कधी खसखशीएवढ्या, लाखो वर्षं जमिनीत राहून दगड झालेल्या दातांबद्दल. गेली सहा वर्षं शनिवार-रविवारी मी घरी बसून हे दात निवडते.

तुमच्यातले काही जण हसताय, आणि ते बरोबरच आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पावसाळ्यात वेळ नदीला पाणी आलं की तोच आपला समुद्र. अशा गावच्या मुलीला शार्कचे दात कुठे भेटले, ते आधी सांगते.

आमच्या घरापासून गाडीने अडीचेक तासांवर ऑरोरा नावाचं छोटं गाव आहे. तिथे पॅम्लिको नदीच्या काठाजवळ फॉस्फेटची मोठी उघडी खाण आहे. फॉस्फेट म्हणजे तुम्हाला परकं नाही. पेरणीच्या वेळी सुपर फॉस्फेटच्या किंवा डीएपीच्या गोणीसाठी आपण रांगा लावतो, त्या खताचा कच्चा माल अशाच दगडातून येतो. ऑरोराची खाण १९६० च्या दशकापासून चालू आहे. जिथे ती खणतात तिथे पूर्वी उथळ समुद्र होता. वेगवेगळ्या वयाचे गाळाचे थर तिथे एकावर एक आहेत: काही सुमारे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचे, काही चार-पाच दशलक्ष वर्षांपूर्वीचे. खालच्या थरातून खत निघतं, आणि खत धुताना चाळणीवर जी भरड राहते, तिच्यात दात असतात. गावात ‘ऑरोरा फॉसिल म्युझियम’ आहे. त्याच्या समोर रस्त्यापलीकडे खाणीतल्या मातीचे ढीग टाकलेले असतात. कोणीही यावं, हाताने चाळावं, सापडेल ते घरी न्यावं. लहान मुलं दुपारभर त्या ढिगांवर बसलेली दिसतात.

बहुतेक लोक मोठे दात शोधतात. तळहाताएवढा मेगॅलोडॉनचा दात सापडला की त्याचा फोटो काढतात, आणि ते साहजिकच आहे. पण मोठा दात वेचल्यावर बुडाशी जी बारीक भरड उरते, तिच्यात खरी वस्ती असते. छोट्या जातींचे शार्क, पाखटं, पिल्लांचे दात, शार्कच्या कातडीवरचे खवले. ती भरड मी पिशवीत भरून घरी आणते. घरच्या ओट्यावर जे काम चालतं ते त्या भरडीचं.

आता प्रश्न असा की फक्त दातच का? शार्कची हाडं का नाही? कारण शार्कला हाडं नसतात. त्याचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत वर जे लवचीक असतं त्याचा. मेल्यावर तो बहुधा कुजून जातो. दात मात्र कॅल्शियम फॉस्फेटचा, वर चकचकीत कठीण आवरण. आणि शार्कला दातांची ददात नाही. पुढची रांग पडली की मागची पुढे सरकते, आयुष्यभर. एक शार्क जन्मात हजारो दात टाकतो. त्यामुळे समुद्राच्या तळाशी दातांचा सडा पडत राहतो.

हे दात कुणाचे, हे माणसाला फार उशिरा कळलं. युरोपात शेकडो वर्षं लोक त्यांना दगड झालेल्या सापाच्या जिभा समजत होते आणि विषावर उतारा म्हणून गळ्यात घालत होते. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश वैद्याकडे आणलं. त्याने ते कापून पाहिलं, दात पाहिले, आणि त्या ‘जिभां’शी ताडून पाहिले. सारखेच. मग डोंगरातल्या दगडात समुद्रातल्या माशाचा दात कसा गेला, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना त्याने थरांचा नियम मांडला: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. भूगोलाच्या पुस्तकात आपण तो एका ओळीत पाठ केला होता. त्या ओळीच्या मुळाशी शार्कचा दात आहे.

आता घरचं काम. त्याला लागणारी हत्यारं ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटेल. भरड बादलीत भिजत घालायची, गढूळ पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, जोपर्यंत वरचं पाणी निवळ येत नाही तोपर्यंत. तांदूळ धुतो तसंच. मग उन्हात वाळवायची. मग चाळण्या. माझ्याकडे चार आहेत: पाच मिलिमीटर, दोन, एक आणि अर्धा. सगळी भरड एकदम बघायला बसलं तर डोळा मोठ्या खड्यांवरच जातो आणि बारीक दात निसटतात. एका मापाचे कण वेगळे केले की वेगळा आकार चटकन डोळ्यात भरतो. आपल्याकडे कांद्याची प्रतवारी करताना गोळा, गोल्टी, चिंगळी आधी वेगळे करतात, मग त्यातला जोड आणि सडका बाजूला काढतात. क्रम तोच.

चाळून झालं की पांढऱ्या ताटलीत एक चमचा भरड पसरायची. कणावर कण येता कामा नये. ताटलीवर मी पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत, म्हणजे नजर नांगरासारखी एका तासातून दुसऱ्या तासात जाते, मध्ये पडीक राहत नाही. दिवा बाजूने, खालून लावायचा. फॉस्फेटचे काळे गोटे मंद दिसतात, वाळू काचेसारखी दिसते, दाताच्या आवरणाला मात्र वेगळीच ओली चकाकी असते. दात दिसला की चिमट्याने उचलायचा नाही, उडतो नाहीतर तुटतो. रंगवायचा सगळ्यात बारीक ब्रश पाण्यात बुडवायचा आणि टोकाने हलकेच टिपायचा. मग तो औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ठेवायचा आणि वर चिठ्ठी: कुठली भरड, कोणत्या दिवशी आणली, कोणत्या चाळणीवर राहिला. चिठ्ठी नसलेला दात म्हणजे नाव-गाव नसलेलं टपाल. एक मिलिमीटरच्या खालचं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. माझा जुना आहे, दहा ते चाळीस पट मोठं दाखवतो, दोन्ही डोळ्यांनी पाहता येतं. एका ताटलीत कधी तीस दात निघतात, कधी तीनच.

या कामात माझ्या घरात माझ्यापेक्षा सरस एक माणूस आहे, आणि ती आज इथे मागच्या रांगेत बसली आहे. माझी आई. वडील गेले त्या वर्षी मी तिला सहा महिने तिकडे नेलं. तुमच्यातल्या ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना माहीत आहे, पहिले पंधरा दिवस बरे जातात. मग आम्ही कामावर, नात शाळेत, रस्त्यावर माणूस दिसत नाही, बाहेर थंडी. आई दिवसभर खिडकीशी बसायची. इकडे आयुष्यभर पहाटेपासून हात चालू असलेली बाई. ती बोलून दाखवत नव्हती, पण जेवण कमी झालं होतं, आणि दर दोन दिवसांनी विचारायची की तिकिटाची तारीख अलीकडे घेता येते का.

एका दुपारी मी ताटली ओट्यावर तशीच ठेवून मीटिंगला बसले. तास-दीड तासाने बाहेर आले तर आईने डाळ निवडावी तसं सगळं निवडून ठेवलं होतं. नुसते दात वेगळे केले नव्हते, दातांचेही ढीग केले होते. मी विचारलं, “हे काय गं?” ती म्हणाली, “हे फाळ आहेत, हे दाभण, हा कोंबड्याचा तुरा, ह्या फरशा. आणि हे तीन कशातच बसेनात, ते बाजूला ठेवलेत.”

मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ढीग पाहिला. फाळ म्हणजे त्रिकोणी, बारीक करवती कडेचे. ते कार्कऱ्हायनस या प्रजातीचे वरच्या जबड्यातले दात होते. दाभण म्हणजे सँड टायगर, लांब टोकदार आणि बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक काटा. कोंबड्याचा तुरा म्हणजे टायगर शार्क; त्याच्या दाताला एका बाजूला खाच असते आणि खाचेखाली मोठे दाते. फरशा म्हणजे पाखटांचे चपटे दात, शिंपले फोडायचे, एकमेकांना खेटून बसणारे. तिने एकही पुस्तक उघडलं नव्हतं. बाजूला ठेवलेल्या तिघांपैकी एक फणीसारखा होता, एका मुळावर ओळीने पाच टोकं, सहावं तुटलेलं. तो काउशार्कचा दात. सहा वर्षांत माझ्या घरात तो एकच सापडला आहे, आणि तो आईचा आहे. चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं आहे.

त्यानंतर तिकिटाचा विषय निघाला नाही. सकाळी पोळ्या झाल्या की चष्मा लावून ती ओट्याशी. संध्याकाळी नात शाळेतून आली की दोघी मिळून नावं द्यायच्या. माझ्या मुलीचं मराठी त्या हिवाळ्यात सुधारलं. दाभण, खुरपं, विळा, फणी असे शब्द तिच्या वयाच्या पुण्यातल्या मुलांनाही येत नसतील.

इथून पुढचा भाग मात्र मला विशेषतः शिक्षकांसाठी बोलायचा आहे, कारण तो ओळखण्याबद्दल आहे.

दात ओळखायला सोपा वाटतो. पुस्तकात चित्र, हातात दात, जुळवा. प्रत्यक्षात तसं होत नाही. शार्कच्या एकाच जबड्यात पुढचे दात वेगळे, कडेचे वेगळे, कोपऱ्यातले अगदी बुटके. वरचे वेगळे, खालचे वेगळे. पिल्लाचे वेगळे, मोठ्याचे वेगळे. हेमिप्रिस्टिस नावाचा एक शार्क आहे. त्याचा वरचा दात रुंद, मोठ्या करवतीचा. खालचा अरुंद, सुळ्यासारखा. शेजारी ठेवले तर हे एकाच तोंडातले आहेत असं कुणीही म्हणणार नाही. जाता जाता सांगते, या हेमिप्रिस्टिसचे दात ऑरोराला भरपूर मिळतात, पण आज अटलांटिकमध्ये तो राहिलेला नाही. त्याचा जिवंत भाऊबंद आपल्या अरबी समुद्रात आहे. म्हणजे कॅरीत बसून मी ज्याचा दात निवडते, त्याचा नातलग कोकणातल्या कोळ्याच्या जाळ्यात मुशी म्हणून येऊ शकतो.

पाखटांची गंमत वेगळीच. अटलांटिक स्टिंगरे नावाच्या पाखटाच्या मादीचे दात बाराही महिने चपटे असतात. नराचेही एरवी चपटेच, पण विणीच्या हंगामात त्याला टोकदार दात येतात आणि हंगाम संपला की पुन्हा चपटे. आता दीड मिलिमीटरचा टोकदार दात हातात आला, तर ती वेगळी जात, की त्याच जातीचा लग्नसराईतला नर?

म्हणून पहिली शिकवण अशी: दात जेवढं सांगतो तेवढंच लिहायचं. नुसत्या पानावरून झाड आंब्याचं आहे हे आपण छातीठोक सांगू, पण पान हातात धरून हा हापूस की पायरी हे सांगायला धजावणार नाही. तसंच कार्कऱ्हायनसच्या खालच्या दाताचं. प्रजाती सांगता येते, जात बहुधा नाही. तिथे जाणकारसुद्धा ‘कार्कऱ्हायनस, जात अनिश्चित’ असं लिहून थांबतात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने या खाणीतल्या जीवाश्मांवर १९८३ ते २००१ या काळात तीन जाडजूड खंड काढले. २००१ च्या तिसऱ्या खंडात शार्क आणि पाखटांवर रॉबर्ट पर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा लेख आहे. माझ्या ओट्यावर त्याच्या छापील प्रतीला हळदीचे डाग पडलेत. त्या लेखातही ठिकठिकाणी लेखक थांबलेले दिसतात. आणि जिथे ते थांबले नाहीत तिथे दुसऱ्यांनी वाद घातला आहे. सगळ्यात प्रसिद्ध जो मेगॅलोडॉन, त्याचं आडनावसुद्धा पक्कं नव्हतं: कुणी त्याला कार्करोडॉन म्हणायचं, कुणी कार्करोक्लीस, आता बहुतेक जण ओटोडस म्हणतात.

आईने बाजूला ठेवलेल्या तिघांपैकी एक काउशार्क निघाला. बाकीचे दोन अजून एका डबीत आहेत. त्या डबीवर माझ्या मुलीने मराठीत लिहिलं आहे, ‘माहीत नाही’. आज त्या डबीत चाळीसच्या वर दात आहेत. पाहुणे आले की ते मेगॅलोडॉन बघतात, आणि मी त्यांना ही डबी दाखवते. माझ्या मते घरातली सगळ्यात मोलाची डबी तीच. बाकीच्या डब्यांमध्ये जे आहे ते आधीच कुणीतरी शोधलेलं आहे. नवीन काही असलंच तर इथे असेल. आणि नवीन काही नसलं, तरी चुकीच्या डबीत गेलेला दात कायमचा हरवतो, या डबीतला हरवत नाही.

माझ्या नोकरीतही हाच धडा आहे. तक्त्यात एखादी जागा रिकामी असणं आणि तिथे शून्य लिहिणं यात फार अंतर आहे. रिकामं म्हणजे माहीत नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. हे दोन एक झाले की पुढची सगळी बेरीज बिघडते, आणि बिघडली हे कळतही नाही. मुलीने आणि मी दातांचे फोटो ओळखणारा एक छोटा प्रोग्राम केला. सहा ढीग शिकवले. तो चांगला चालायला लागला. मग मुलीने त्याला भुईमुगाच्या फोलाचा फोटो दाखवला. प्रोग्रामने छातीठोकपणे सांगितलं, सँड टायगर! बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याला सहाच उत्तरं माहीत होती आणि त्यातलं एक द्यायचंच, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. ‘यातलं काहीच नाही’ हे उत्तर त्याला वेगळं शिकवावं लागतं.

आता आपलं आठवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्या सगळ्यांना काय सांगायचे? ‘एकही प्रश्न सोडू नका. येत नसलं तरी काहीतरी लिहून या.’ त्यात सांगणाऱ्यांची माया होती, पोराचा एखादा गुण वाढावा म्हणून. पण दहा वर्षं तेच करत गेलो की हाताला सवय लागते. मग मीटिंगमध्ये माहीत नसताना बोलतो, शेतावर माहीत नसताना औषध फवारतो, दवाखान्यात नेण्याआधी माहीत नसताना घरचं सुचवतो, आणि फोनवर आलेलं माहीत नसताना पुढे पाठवतो.

या शाळेत मला याच्या उलटही काहीतरी मिळालं, आणि ते सांगण्यासाठी मी खरं तर उभी राहिले. नववीला विज्ञानाच्या बाईंना आपल्या वर्गातल्या कुणीतरी विचारलं होतं की आपल्याकडचा दगड काळा का आणि कोकणातला लाल का. बाई फळ्याकडे वळल्या, पुन्हा आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही. उद्या वाचून येते.” चाळीस पोरांसमोर. आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच वाचून आल्या. त्यांनी काय सांगितलं ते मला आज शब्दशः आठवत नाही. ‘मला माहीत नाही’ हे मोठ्या माणसाने मोठ्याने म्हणता येतं, हे मात्र त्या दिवशी कळलं. बाई, तुम्ही आज समोर आहात. माझ्या डबीवरचे ते दोन शब्द तुमचे आहेत.

त्या काळ्या दगडाकडे मी परत आले ती याच दातांमुळे. गावात आले की सगळे विचारतात, आपल्याकडे सापडतील का गं शार्कचे दात? केंदूरच्या बेसाल्टमध्ये नाही सापडणार. तो लाव्हा आहे. वितळलेल्या दगडात मासा राहत नाही. पण लाव्हा एकदम सगळा आला नाही. एक थर ओतला गेला, मग काही काळ शांत, त्यावर तळी साचली, गाळ बसला, जीव राहिले, आणि मग पुढचा थर त्यावर आला. नागपूरच्या आसपास असे मधले गाळाचे थर आहेत. १८५० च्या दशकात तिथल्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने त्यातले शंख-शिंपले गोळा करून जगापुढे आणले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

चंद्रपूरची सीमा ओलांडली की आजच्या तेलंगणात आसिफाबाद लागतं. तिथल्या अशाच मधल्या थरातली माती अभ्यासकांनी भिजवली, चाळली आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडली. काम तेच, ओटा वेगळा. त्यात पाखटाचे बारीक दात निघाले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि फ्रेंच अभ्यासक आंरी कापेत्ता यांनी १९९३ मध्ये त्याला इग्डाबॅटिस इंडिकस असं नाव दिलं. या पाखटाचे नातलग आधी आफ्रिकेत, नायजरमध्ये सापडले होते, डायनोसॉरच्या अखेरच्या काळातल्या खडकांत. म्हणजे ज्या लाव्हांच्या मध्ये हा दात अडकला, ते लाव्हाही त्याच सुमाराचे. आपला काळा दगड नेमका किती जुना, यावर तेव्हा मोठा वाद होता. किरणोत्सारी आणि चुंबकीय मोजमापांनी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं हे उत्तर पुढे आलं, आणि त्याला शेजारून दुजोरा देणाऱ्यांत हे चिमुकले दात होते. ज्या दगडाचं आपलं जातं, पाटा, विहिरीची थारोळी, त्या दगडाचं वय ठरवायला एका पाखटाच्या दाताचा हात लागला आहे.

आणि ज्या खडकांत शार्कचे दात मिळाले, ते खुद्द आपल्या राज्यातही आहेत. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ कोटा नावाचं गाव आहे. त्या गावावरून ज्या खडकांना कोटा शैलसमूह म्हणतात, ते प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पसरलेले, लाव्हाच्याही कितीतरी आधीचे, ज्युरासिक काळातले. त्यात गोड्या पाण्यात राहणाऱ्या छोट्या शार्कचे दात मिळाले आहेत. त्याच खडकातून एका दातावरून ओळखलेला सस्तन प्राणीही आहे. १९८१ मध्ये त्याला कोटाथेरियम हाल्डेनाय हे नाव दिलं, शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या स्मरणार्थ.

इतकं लांबही जायला नको. आपल्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी तिथे डेक्कन कॉलेजने सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या देखरेखीखाली उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. ते लोक काय पेरत होते हे कोणत्या शिलालेखावर लिहिलेलं नव्हतं. जळून कोळसा झालेले दाणे मातीतून वेगळे करून, निवडून, एकेक ओळखून कळलं की त्यांचं मुख्य धान्य जव होतं. आपल्या तालुक्याचा सगळ्यात जुना इतिहास असा दाणा दाणा निवडून लिहिला गेला आहे.

म्हणून माझी शाळेला एक छोटी भेट आणि एक विनंती आहे. भेट म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायचा एक सूक्ष्मदर्शक, चार चाळण्या, दहा भिंगं आणि धुऊन स्वच्छ केलेले पन्नास दात, प्रत्येक आपल्या कॅप्सूलमध्ये, चिठ्ठीसकट. खिडकीजवळचं एक टेबल एवढंच शाळेने द्यावं. दात संपले म्हणून काम संपणार नाही. वेळ नदीची ओंजळभर वाळू धुऊन चाळली तर मुलांना गारगोट्या, अकीकाचे तुकडे, पांढरे झिओलाइट, गोगलगायींचे शंख, माशांचे काटे मिळतील. निवडायला तेवढं पुरेसं आहे.

विनंती अशी की या पन्नास दातांची उत्तरांची यादी मी दिलेली नाही आणि शिक्षकांनी ती मागू नये. त्यातल्या अकरांची उत्तरं मलाही माहीत नाहीत, आणि ते अकरा कोणते हे मी सांगणार नाही. मुलांच्या वहीत चार रकाने असावेत: काय दिसलं, कशासारखं वाटतं, का वाटतं, आणि चौथा ‘माहीत नाही’. चौथ्या रकान्यात कारणासह खूण करणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत. बाकी विषयांत नाही तर नाही, निदान या एका टेबलावर.

समितीने जेवणाच्या मंडपाशेजारी मला एक कोपरा दिला आहे. तिथे भिंग आणि दिवा मांडून ठेवला आहे, आणि आई तिथे बसणार आहे. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी जेवणाआधी या. जेवणानंतर नको, हात तेलकट असतात, आणि ती कुणालाच हात लावू देणार नाही.